रॅचेट ‘टक्’ करून सुटतो तरी टर्मिनलमधून वायर निघते, दर दोन-अडीच महिन्यांनी तोच त्रास

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, वायरिंग हार्नेस आणि कंट्रोल पॅनलचं जॉबवर्क, माणसं मोजून सात. त्रास काय व्हायचा ते आधी नीट सांगतो, कारण सेम लक्षण असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे. १ स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल वायर, ओपन बॅरल टर्मिनल म्हणजे ते दोन कान दुमडणारं, आणि हाताचं रॅचेटवालं क्रिंपिंग टूल, म्हणजे टर्मिनल वायरीवर दाबून बसवायची पक्कड, पूर्ण दाबून ‘टक्’ वाजल्याशिवाय न उघडणारी. दोन महिने सगळं मस्त चालायचं आणि मग अचानक पंधरा-वीस हार्नेसमागे एखादी वायर टर्मिनलमधून सरकायला लागायची. ओढायची पण गरज नाही, हाऊसिंगमधे म्हणजे कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात टर्मिनल घालताना नुसतं ढकललं की वायर मागे. आणि गंमत म्हणजे त्याच हाताने, त्याच टूलने, त्याच रीळमधली पुढची वायर घट्ट बसलेली.

कस्टमरकडून पहिल्यांदा अख्खा लॉट परत आला तेव्हा मी टर्मिनलवाल्याला धरलं. तापकीर गल्लीतून सुटी टर्मिनल घेतो आम्ही, म्हणलं माल हलका आला असणार. दुसऱ्या दुकानातून आणली, पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच. मग वायर. १ स्क्वेअर एमएमच्या चांगल्या वायरीत ०.२ एमएमच्या ३२ तारा असतात, सोलून मोजल्या, बरोबर ३२ निघाल्या, मायक्रोमीटरने जाडी पण बघितली, ठीक. (ही तपासणी एकदा कराच, काही लोकल वायरीत चार-पाच तारा कमी भरतात आणि तार पण बारीक असते, तिथे टूल बिचारं काय करणार. आणि ब्लेडने तार खरवडून आतून पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, ती क्रिंपिंगला घेऊच नका.)

मग राहिला माणूस. आमच्याकडे क्रिंपिंगला ज्या मावशी आहेत त्यांना मी दोनदा बोललो, आता लाज वाटते त्याची. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्हीच सांगितलंत ना, टक् वाजल्याशिवाय सोडायचं नाही, मी कधीच सोडत नाही." आणि खरंच सोडत नव्हत्या. मी शेजारी उभं राहून बघितलं, दर वेळी पूर्ण दाब, टक्, मग हँडल उघडणार. त्यातल्याच एका वायरला मी हाताने ओढलं तर ती माझ्या हातात आली.

तर मुद्दा असा की टक् वाजणं म्हणजे क्रिंप झाला असं नाही, आणि हे मला कळायला दोन वर्षं आणि तीन रिजेक्शन लागली.

कळलं कसं ते पण सांगतो. गुरुवार होता, आपल्याकडे गुरुवारचं काय असतं माहितीच आहे, लाइट गेलेली, पोरं सुट्टीवर, मी एकटाच शेडमधे. करायला काही नाही म्हणून टूल पुसत बसलो. एक टूल रिकामं दाबून दाराकडच्या उजेडात धरलं तर बंद झालेल्या डायच्या म्हणजे टर्मिनल दाबणाऱ्या साच्यांच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. जिथे वरची आणि खालची डाय एकमेकीला टेकायला पाहिजे तिथे फट, आणि तीही सरळ नाही, पिव्हटच्या बाजूला टेकलेली आणि टोकाकडे उघडी. दुसरं टूल धरलं, ते त्यामानाने नवं, त्यात रेघ नाही. म्हणलं हे काय नवीन.

आता हा रॅचेट नेमकं करतो काय ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. रॅचेट हँडलवर बसवलेला असतो, डायवर नाही. हँडल ठरलेल्या जागेपर्यंत आलं की त्याचा दात सुटतो, एवढंच त्याला माहिती. हँडल आणि डायच्या मधे लिंक असतात, पिना असतात, पिव्हट असतो. नवीन टूलमधे हे सगळं टाइट असतं त्यामुळे हँडल पूर्ण आलं म्हणजे डाय पूर्ण बंद हे गणित जुळतं. टूल झिजलं, पिन बारीक झाली, भोक लंबगोल झालं की हँडलची थोडी हालचाल त्या ढिलाईतच खर्च होते. हँडल पोचलं, टक् वाजलं, डाय मात्र दोन केस अलीकडेच थांबली. सायकलच्या ढिल्या चेनसारखं, पॅडल फिरतंय पण चाकापर्यंत सगळं पोचत नाही.

आणि कधी बसतो कधी नाही असं का? आमच्या डायमधे तीन खाचे आहेत, पिव्हटजवळ लहान, टोकाला मोठा. १ स्क्वेअर एमएमचं टर्मिनल जातं टोकाच्या खाच्यात आणि पिव्हट ढिला झाला की सगळ्यात जास्त फट टोकालाच पडते. शिवाय हात कसा धरलाय, हँडलला पीळ किती बसतोय यावर डाय थोडी डावीकडे किंवा उजवीकडे झुकते. सकाळी ताज्या हाताने चांगला बसतो, संध्याकाळी हात थकला की पीळ बदलतो आणि क्रिंप पण.

मग मी काय केलं? तर जे सगळे करतात ते. टूलवर ती चांदणीसारखी चकती असते ना, प्लस-मायनस लिहिलेली, तिचा स्क्रू सैल करून एक दात प्लसकडे फिरवली. दाब वाढला, वायर घट्ट, सगळे खूश. दोन महिन्यांनी परत तेच, परत एक दात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात तसं. कारण झिजलेली होती पिन आणि मी वाढवत होतो दाब, दाब वाढला की पिन अजून जोरात झिजणार, म्हणून तर हा त्रास ठरावीक दिवसांनी फिरून येत होता. आमचं दिवसाला एका टूलवर साधारण सहाशे क्रिंप होतात, अडीच महिन्यात पस्तीस-चाळीस हजार, हाताच्या टूलला हे काही कमी नाही. चकती फिरवणं चूक नाहीये, ती दिलीच त्यासाठी आहे, पण आधी ढिलाई आहे का ते बघा. टूल उघडं धरून वरचा जबडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवा, जाणवण्याइतका हलला तर चकतीला हात लावू नका, ते टूल बाजूला काढा.

रॅचेट बरोबर आहे का हे तपासायची सरळ पद्धत आहे, मोठ्या कंपन्यांच्या हँड टूलबरोबर जो सूचनांचा कागद येतो त्यात दिलेली असते, आपण तो कागद खोक्याबरोबर टाकून देतो ती गोष्ट वेगळी. ०.०२५ एमएमची शिम म्हणजे अगदी पातळ पत्र्याची पट्टी घ्यायची. साध्या फिलर गेजच्या म्हणजे फट मोजायच्या पानांच्या सेटमधे बहुतेक वेळा सगळ्यात पातळ पान ०.०५ चं असतं, ते चालत नाही, शिमचा पत्रा वेगळा घ्यावा लागतो. त्या डायमधे चालणारी सगळ्यात जाड वायर आणि तिचं टर्मिनल लावायचं, रॅचेट सुटेपर्यंत दाबायचं आणि सुटल्यावर हँडल सोडायचं नाही, तिथेच धरून ठेवायचं. आता दोन डायचे जे सपाट भाग एकमेकांवर टेकतात त्यांच्या मधे शिम सारून बघायची. शिरली नाही किंवा जेमतेम शिरली तर रॅचेट ठीक. आरामात आतबाहेर होत असेल तर रॅचेट लवकर सुटतोय. इथे एक ट्रिक लक्षात घ्या, रिकाम्या टूलवर ही टेस्ट करून उपयोग नाही, रिकामं टूल बहुतेक वेळा बंद होतंच, धातू दाबताना जो उलटा जोर येतो त्यात ढिलाई उघडी पडते. माझ्या टूलमधे रिकाम्यातच रेघ दिसली म्हणजे त्याची अवस्था किती वाईट होती बघा. आणि हो, काही स्वस्त टूलमधे डाय टेकायची रचनाच नसते, तिथे ही टेस्ट लागू नाही, तिथे थेट क्रिंपची उंची मोजायची.

गो-नोगो गेज मिळत असेल तर उत्तमच. डाय टेकेल इतपतच टूल बंद करायचं, त्यापुढे जोर लावायचा नाही, गो बाजू गेली पाहिजे आणि नोगो बाजू जाता कामा नये. फक्त गेज आत ठेवून टूल दाबू नका. हसू नका, आमच्याकडे एकाने दाबलंय, गेज पण गेलं आणि डायवर चरा पण पडला.

आता क्रिंप हाइट. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि छोट्या युनिटमधे कोणीच मोजत नाही, आम्ही पण मोजत नव्हतो. आमच्या त्या टर्मिनलच्या डेटाशीटवर १ स्क्वेअर एमएमसाठी तारेवरच्या क्रिंपची उंची १.५५, प्लस-मायनस ०.०५ एमएम दिलेली आहे. मी व्हर्नियर लावला. चांगल्या टूलचा क्रिंप १.६८ आला, वाईट टूलचा १.७२. म्हणजे चांगला पण नापास आणि वाईट पण नापास, आणि दोघांत फरक जवळजवळ नाही! डोकं फिरलं. नंतर कळलं की टर्मिनल दाबताना खाली दोन्ही कडांना बारीक बर म्हणजे धातूची बाहेर आलेली धार निघते, व्हर्नियरचे सपाट जबडे त्या बरवर टेकतात, खऱ्या तळावर पोचतच नाहीत. त्यासाठी क्रिंप हाइट मायक्रोमीटर वेगळा येतो, त्याच्या एका बाजूला पातळ पातं आणि दुसऱ्या बाजूला टोकदार पिन असते, पिन दोन बरच्या मधे तळाला टेकते आणि पातं वरच्या बाजूला. ओळखीच्या एकाकडून दोन दिवसांसाठी आणला आणि मग चित्र स्पष्ट झालं, नव्या टूलचे क्रिंप १.५६ च्या आसपास, जुन्याचे १.६१ पासून १.७१ पर्यंत कुठेही. मर्यादेच्या वर तर होतेच, पण मला त्याहून जास्त खुपला तो पसारा. एकाच टूलचे दहा क्रिंप लागोपाठ मोजा, आकडे एकमेकांजवळ असतील आणि सगळेच थोडे वर असतील तर ॲडजस्टमेंटचं काम आहे, आकडे नाचत असतील तर झीज आहे आणि ॲडजस्टमेंटने ती जाणार नाही.

मोजताना क्रिंपच्या मधोमध मोजा, टोकाला नाही. आणि उंची कमी आली म्हणजे भारी असंही समजू नका. जास्त दाबलं की तारा चपट्या होऊन तुटतात, वायर त्या दिवशी निघत नाही पण गाडीच्या किंवा मशीनच्या व्हायब्रेशनने महिन्याभरात टर्मिनलच्या तोंडाशी तुटते. ते फार वाईट फॉल्ट असतं, सापडत नाही लवकर.

पुल टेस्टबद्दल. आमच्या ड्रॉइंगवर ११० न्यूटन मागितलंय, म्हणजे साधारण सव्वा अकरा किलोचा ओढा. पुल टेस्टर घ्यायला पैसे नव्हते तेव्हा मी बादलीने करायचो, अजूनही करतो कधी कधी. टर्मिनल व्हाइसमधे हलकं पकडायचं, तेसुद्धा क्रिंपच्या पुढचा भाग, क्रिंप दाबायचा नाही, वायरीच्या खालच्या टोकाला बादली टांगायची, जमिनीपासून दोन बोटं वर, आणि मगाने पाणी ओतत जायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन आधी करून ठेवायचं. पाणी हळू ओतायचं. मशीनवर पण ओढायचा वेग साधारण मिनिटाला २५ एमएम ठेवतात, झटका दिला तर आकड्याला अर्थ राहत नाही. वायरीला गाठ मारून बादली टांगू नका, जाड दांड्याला चार-पाच वेढे घ्या, नाहीतर वायर गाठीपाशीच तुटते आणि आपण टर्मिनलला नावं ठेवतो.

यात मोठी चूक मी केली ती म्हणजे इन्सुलेशनचे कान दाबून पुल टेस्ट घेत होतो. ओपन बॅरलला मागे दोन मोठे कान असतात ते प्लॅस्टिकला धरतात, पुढचे दोन तारांना. मागचे कान पण पाच-सहा किलो तर सहज धरून ठेवतात, त्यामुळे तारांवरचा क्रिंप ढिला असला तरी टेस्ट पास व्हायची. टेस्टचा नमुना करताना मागचे कान उघडे ठेवा किंवा नंतर उघडून घ्या, मग खरं काय ते कळतं. हे कळल्यावर माझ्या जुन्या पास झालेल्या नोंदवहीची मला किंमत कळली, शून्य.

आणि पुल टेस्ट पास म्हणजे काम संपलं असंही नाही. ओढ्याला टिकणं वेगळं आणि करंट नीट जाणं वेगळं. चांगल्या क्रिंपमधे तारा इतक्या दाबल्या जातात की मधे हवा शिरायला जागा उरत नाही, म्हणून आत गंज चढत नाही. ढिल्या क्रिंपमधे सुरुवातीला सगळं छान असतं, पावसाळा गेला की तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स वाढतो. साधं गणित करा, जॉइंटला ०.०१ ओहम आला आणि २० ॲम्पिअर जात असतील तर ४ वॉट उष्णता, तेवढ्याशा टर्मिनलमधे. हाऊसिंग पिवळी पडायला वेळ लागत नाही. साध्या मल्टिमीटरवर हे दिसणार नाही, तो ओहमच्या शंभराव्या भागात गोंधळतो. १० ॲम्पिअर सोडून क्रिंपच्या अलीकडे-पलीकडे मिलिव्होल्ट मोजा, १० मिलिव्होल्ट आले म्हणजे १ मिलिओहम. चांगल्या नमुन्याशी तुलना करा, वेगळा पडणारा लगेच कळतो.

डोळ्यांनी पण बरंच कळतं, दहा पट भिंग घ्या. तारांवरच्या क्रिंपच्या मागच्या तोंडाला तुतारीच्या तोंडासारखा थोडा पसरट भाग दिसला पाहिजे, बेलमाउथ म्हणतात त्याला. तो नसेल तर धारदार कड तारांत रुतते. असं झालं तर पहिल्यांदा लोकेटर बघा, टर्मिनल जिथे टेकतं ती छोटी पट्टी, तिचा स्क्रू ढिला होऊन ती सरकते आणि टर्मिनल पुढे-मागे बसतं. पुढच्या बाजूने तारांची टोकं थोडी बाहेर दिसली पाहिजेत. पुढच्या आणि मागच्या कानांच्या मधल्या खिडकीत तार पण दिसली पाहिजे आणि इन्सुलेशन पण. दोन्ही कान मधोमध एकमेकांवर मिटलेले हवेत, एक कान खाली गेला आणि दुसरा वर राहिला तर वरची-खालची डाय एका रेषेत नाही, डायचे स्क्रू सोडून परत बसवून बघा, आधी दोन्ही स्क्रू हाताने टेकवा, टूल हलकं बंद करून डाय आपोआप जुळू द्या, मग टाइट करा. आमचं एक टूल एवढ्यावर सुधारलं.

डायची साफसफाई. टर्मिनलचा टिनचा मुलामा हळूहळू डायच्या खाच्यात चिकटत जातो, चकचकीत पांढरट थर दिसतो, त्यामुळे टर्मिनल दाबताना अडखळतं आणि वाकडं दुमडतं. जुना टूथब्रश आणि आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, बास. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. आमच्याकडे एका हौशी पोराने डाय चमकवून दिली होती, छान दिसत होती, पण टॉलरन्स सगळा ०.०५ चा, पॉलिश पेपरने तेवढं सहज उडतं. डायच्या काठाला टवका गेला असेल, चीर दिसत असेल, वरचं प्लेटिंग सुटत असेल तर डाय बदलायची, घासून सरळ करायची नाही.

आता एक गोष्ट सांगतो, कोणाला वाईट वाटून घेऊ नका. खंडेनवमीला आपण टूलची पूजा करतो, केलीच पाहिजे, वर्षभर तेच पोट भरतात. पण हळदकुंकू थेट डायवर आणि रॅचेटवर टाकू नका राव. एक वर्षी आम्ही सगळी टूल पाटावर मांडून मनसोक्त हळदकुंकू, अक्षता, वरून झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्यानंतर कामाला लागलो तर एक रॅचेट अर्ध्यातच अडकायला लागला. उघडून बघितलं तर दातांत तेलात भिजलेल्या कुंकवाचा लगदा आणि एक अख्खा तांदळाचा दाणा. आता पूजेला हँडलला टिळा लावतो, डायला प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. देवाला चालतं.

रॅचेट मधेच अडकला तर सोडवायला टूलमधे छोटी रिलीज पट्टी असते, ती दाबून उघडायचं, स्क्रू ड्रायव्हर घालून फाकवायचं नाही. आणि असा अर्ध्यात सोडलेला क्रिंप परत दाबून वापरायचा नाही, कापून टाकायचा.

तेल. इथे आमचं दोन्ही बाजूंनी चुकलं, आधी कधीच घातलं नाही आणि कळल्यावर इतकं घातलं की टर्मिनल तेलकट व्हायला लागली. पिना, पिव्हट आणि जिथे धातूवर धातू घासतो तिथे एसएई २० सारखं पातळ तेल, एकेक थेंब. रोज प्रॉडक्शनला चालणाऱ्या टूलला रोज, रोज पण थोडंच वापरायच्या टूलला आठवड्याने, आठवड्यातून एकदा लागणाऱ्याला महिन्याने. घातल्यावर चार वेळा उघडबंद करायचं आणि बाहेर आलेलं पुसून घ्यायचं, डायच्या खाच्यात थेंबसुद्धा राहता कामा नये, ते तेल टर्मिनलवर जातं आणि कॉन्टॅक्ट बिघडवतं. ग्रीस नको, आपल्याकडची धूळ धरून तो दगड होतो. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमधे आम्ही टूल झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि स्पंजवाल्या बॅगेत ठेवणं बंद केलंय, स्पंज ओल धरतो आणि पिनांवर तांबडं चढतं.

टूल चांगलं असून क्रिंप ढिला येतोय असंही होतं, तेव्हा डायवरचा आकडा नीट वाचा. वायर आपल्याकडे स्क्वेअर एमएममधे मिळते आणि बऱ्याच डायवर एडब्ल्यूजी म्हणजे अमेरिकन वायर गेज कोरलेलं असतं. १८ एडब्ल्यूजी म्हणजे ०.८२ स्क्वेअर एमएम आणि १६ म्हणजे १.३१, आपली १ ची वायर बरोबर दोघांच्या मधे. आमच्याकडे अर्धे लोक १८ च्या खाच्यात मारायचे, अर्धे १६ च्या. कुठला बरोबर? टर्मिनलच्या डेटाशीटमधली उंची ज्या खाच्यात येते तो, दुसरं उत्तर नाही. नमुने काढून मोजले आणि त्या खाच्यासमोर नेलपॉलिशचा ठिपका दिला, मावशींचीच आयडिया. रंगीत प्लॅस्टिकच्या थिंबलना म्हणजे नळीसारख्या टर्मिनलना हा घोळ कमी, लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६, टूलवर पण तेच रंग असतात. पण त्या टूलने बिनप्लॅस्टिकचं थिंबल मारू नका, प्लॅस्टिकच्या जाडीएवढी डाय मोठी असते.

ढिल्या क्रिंपवर वरून सोल्डर टाकायचा जुगाड बरेच जण सांगतात, मला पण सांगितला होता. सोल्डर तारांतून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथे वायर व्हायब्रेशनने तुटते. करू नका.

जाड केबलच्या लगचं हायड्रॉलिक टूल वेगळं प्रकरण आहे, आमच्याकडे त्याचं काम कमी. तेल कमी झालं किंवा आत हवा गेली की लिव्हर पंप होत राहतो आणि दाब चढत नाही, आणि माणूस दमला की मधेच सोडतो. षटकोनी डायचे दोन्ही भाग टेकल्याशिवाय आणि रिलीज झाल्याशिवाय सोडायचं नाही. डायवर लग साइज लिहिलेला असतो आणि तो दाबल्यावर लगवर उमटतो, उमटलेला आकडा वायरीशी जुळतोय ना एवढं बघा. दोन-तीन दाब द्यायचे असतील तर बोल्टच्या भोकाकडून सुरू करून वायरीकडे या.

सध्या आमचं असं चालतं की प्रत्येक टूलवर नंबर कोरलाय आणि त्याच्या नावाची वही आहे. सकाळी काम सुरू करताना तीन क्रिंप, उंची मोजून वहीत, मायक्रोमीटर शेवटी घेतलाच, एका लॉटच्या रिजेक्शनपेक्षा स्वस्त पडला. आठवड्याने बादली, मागचे कान उघडे ठेवून. महिन्याने शिम. टूल पडलं तर त्याच वेळी परत सगळं, कारण एकदा फरशीवर पडून लोकेटर सरकला होता आणि दुपारपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. मावशींनी हे आता स्वतःकडेच घेतलंय आणि उंची १.५९ गेली की त्या मला बोलावतात, १.६० ची वाट बघत नाहीत. वहीत आकडे हळूहळू एकेक शतांशाने वर सरकताना दिसतात, त्यामुळे पिना केव्हा बदलायच्या ते पंधरा दिवस आधी कळतं. शेवटचा लॉट परत आला त्याला आता अकरा महिने झाले.

ते रेघ दिसणारं टूल मी आधी भंगाराच्या डब्यात टाकलं होतं. चार दिवसांनी बघतो तर एका पोराने घाईत दुसरं सापडलं नाही म्हणून तेच उचललं होतं आणि चाळीस वायरी मारून ठेवल्या होत्या, प्रत्येक वेळी टक् वाजवून. त्या चाळीस कापल्या आणि टूल कटिंग मशीनवर मधोमध कापून दोन तुकडे वेगवेगळ्या पिशवीत टाकले.